सत्तरीत परदेशी मुक्काम: पश्चिम आफ्रिकेत गेलेलं एक मिशनरी जोडपं आणि त्यांच्यामागचा वैद्यकीय इतिहास

"डॉक्टर, आता या वयात सहा-आठ महिने परदेशात राहणं झेपेल का हो?" साठी-सत्तरीतले अनेक पेशंट हा प्रश्न विचारतात. कुणाचा मुलगा अमेरिकेत असतो, कुणाची मुलगी नैरोबीत किंवा लागोसमध्ये. कुणाला निवृत्तीनंतर एखाद्या संस्थेसाठी दूर जाऊन काम करायचं असतं. उत्तर बहुतेक वेळा "हो, पण" असंच असतं. त्यातला "हो" कुठून आला आणि "पण"मध्ये काय काय येतं, हे समजून घ्यायचं असेल तर थोडा इतिहास पाहावा लागेल. त्यासाठी एका अमेरिकन मिशनरी जोडप्याची गोष्ट मला फार उपयोगी वाटते.

धर्मप्रसार योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही. एक म्हातारा-म्हातारी घर सोडून उष्ण कटिबंधात गेले, तिथे वर्षभर राहिले, काम केलं आणि धडधाकट परतले, एवढंच आपण पाहणार आहोत. कारण त्याच किनाऱ्यावर त्यांच्या आधी दीडशे वर्षांपूर्वी गेलेली तरुण माणसं काही आठवड्यांत दगावत होती.

कोण होतं हे जोडपं?

रेंडेल मेबी अमेरिकेतल्या युटा राज्यातले वकील. जन्म १९०८चा. राज्याच्या विधिमंडळातही त्यांनी काम केलं होतं. ते आणि त्यांच्या पत्नी रेचल, दोघंही "द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स" या पंथाचे. बोलीत यांना मॉर्मन म्हणतात. या पंथातले तरुण मुलगे आणि मुली दीड-दोन वर्षं मिशनरी म्हणून बाहेर जातात, हे पुष्कळांना माहीत असतं. पण निवृत्त जोडपीही जातात, हे कमी लोकांना ठाऊक आहे. ही जोडपी स्वतःच्या खर्चाने जातात. जाण्याआधी डॉक्टर आणि दंतवैद्य यांच्याकडून तपासणीचा अर्ज भरून घ्यावा लागतो. नेमणूक आज सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंतची असते.

१९७८च्या जूनमध्ये या पंथाने एक जुना निर्बंध उठवला. तोवर आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना तिथे पुरोहितपदाची दीक्षा मिळत नसे. त्यामुळे पश्चिम आफ्रिकेत त्यांनी मिशनरी पाठवलेच नव्हते. गंमत अशी, की तिथली माणसं मात्र कित्येक वर्षं पत्रं लिहून बोलावत होती. नायजेरियातले शिक्षक अँथनी ओबिन्ना यांनी या पंथाबद्दल एका मासिकात वाचलं होतं आणि ते पत्रांमागून पत्रं पाठवत होते. घानामध्ये जोसेफ विल्यम बिली जॉन्सन १९६४पासून स्वतःच्या बळावर मंडळ्या चालवत होते.

निर्बंध उठल्यावर दोन जोडप्यांना पाठवायचं ठरलं: रेंडेल आणि रेचल मेबी, आणि एडविन व जॅनथ कॅनन. मेबी सत्तरीचे, कॅनन जोडपं साठीच्या आसपासचं. नोव्हेंबर १९७८मध्ये ही चौघं नायजेरियात उतरली. २१ नोव्हेंबरला ओबिन्ना यांच्यासह १९ जणांचा बाप्तिस्मा झाला. डिसेंबरात घानाच्या केप कोस्ट भागात शंभराहून अधिक लोकांचा झाला. वर्षभराने ही जोडपी परतली तेव्हा दोन्ही देशांत मिळून सुमारे १,७०० सभासद झाले होते. मेबींनी पुढे या वर्षावर पुस्तकही लिहिलं, आणि ते नव्वदी पार करून २००० साली गेले.

आता डॉक्टर म्हणून माझा प्रश्न असा: सत्तरीचा माणूस पश्चिम आफ्रिकेत वर्षभर फिरतो, नदीत आणि समुद्रात उभा राहतो, खेड्यापाड्यांत हिंडतो आणि नीट घरी येतो, हे शक्य कसं झालं?

केप कोस्टचा किनारा, १८३५

पश्चिम आफ्रिकेच्या या पट्ट्याला एकोणिसाव्या शतकात युरोपीय लोक "गोऱ्या माणसाचं कबरस्तान" म्हणत. ते उगाच नव्हतं.

जोसेफ डनवेल हे तरुण मेथडिस्ट मिशनरी १८३५च्या सुरुवातीला केप कोस्टला पोहोचले. सहा महिन्यांच्या आतच ते तापाने गेले. १८३८मध्ये थॉमस बर्च फ्रीमन पत्नीसह तिथे आले. पत्नी काही आठवड्यांतच वारली. फ्रीमन स्वतः मात्र तिथेच ५२ वर्षं काम करत राहिले आणि १८९०मध्ये वारले. त्यांचे वडील आफ्रिकी वंशाचे आणि आई इंग्रज होती.

जवळच बासेल मिशनची अवस्था याहून वाईट होती. १८२८मध्ये आलेले चारही मिशनरी तीन-चार वर्षांत संपले. १८३२मध्ये तीन जणांची दुसरी तुकडी आली. या वेळी आधीच्या मृत्यूंवरून शहाणं होऊन त्यांनी सोबत एक डॉक्टर आणला होता, क्रिस्टियान हाइन्झे. तिघांपैकी सर्वांत आधी गेला तो हा डॉक्टरच, तोही काही आठवड्यांत. मग दुसरा सहकारी गेला. एकटे आंद्रेआस रीस उरले. त्यांचा जीव वाचला तो एका स्थानिक वैद्याच्या उपचारांनी, असं मिशनच्याच इतिहासात नोंदलं आहे.

डॉक्टर सर्वांत आधी का गेला? कारण त्या काळच्या वैद्यकाला आजाराचं कारणच ठाऊक नव्हतं. दलदलीतून उठणाऱ्या खराब हवेने ताप येतो, अशी समजूत होती. "मलेरिया" या शब्दाचा मूळ अर्थच मुळी "वाईट हवा". उपचार म्हणून शिरा कापून रक्त काढत, जुलाब देत, पाऱ्याची औषधं देत. हिवतापात आधीच रक्तातल्या तांबड्या पेशी फुटत असतात. अशा माणसाचं आणखी रक्त काढल्यावर काय होणार, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

कोयनेलने काय बदललं

आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी "कोयनेल" हा शब्द असायचा. तेच क्विनीन. दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतून हे कडू द्रव्य १८२०मध्ये पॅरिसच्या पेल्तिए आणि काव्हांतू या दोन रसायनशास्त्रज्ञांनी वेगळं काढलं. औषध हाती होतं, पण ते कधी आणि किती द्यायचं हे कळायला आणखी तीस वर्षं गेली.

१८४१मध्ये ब्रिटिशांनी नायजर नदीत तीन आगबोटी पाठवल्या. सुमारे दीडशे गोरे लोक होते. त्यांतले १३० तापाने आडवे झाले आणि ४०हून अधिक मेले. मग १८५४मध्ये डॉ. विल्यम बाल्फर बेकी "प्लेयड" नावाची आगबोट घेऊन त्याच नदीत गेले. त्यांनी एकच गोष्ट वेगळी केली. ताप येण्याची वाट न पाहता त्यांनी रोजच्या रोज क्विनीन घ्यायला लावलं. चार महिने बोट नदीत होती. एकही जण दगावला नाही.

आजार होण्याआधी औषध घ्यायचं, म्हणजे प्रतिबंधक मात्रा, ही कल्पना इथून पक्की झाली. आजही हिवतापाच्या प्रदेशात जाताना आम्ही तुम्हाला गोळी आधीपासून सुरू करायला सांगतो आणि परतल्यावरही काही दिवस किंवा आठवडे चालू ठेवायला सांगतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. पेशंट हमखास चुकतात ते शेवटच्या भागात. "घरी आलो, आता कशाला?" म्हणून गोळी बंद करतात. पण परजीवी यकृतात दडून असतो आणि नंतर रक्तात उतरतो. बहुतेक गोळ्या त्याला रक्तात उतरल्यावरच मारतात. म्हणून परतीनंतरचा कोर्स पुरा करायचाच.

आणि हा परजीवी अंगात आणतो कोण? ते कोडं आपल्या देशात सुटलं. २० ऑगस्ट १८९७ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. हवेवरचा आरोप मिटला आणि मच्छरदाणीला शास्त्राचा आधार मिळाला.

दुसरा शत्रू: पीतज्वर

पश्चिम आफ्रिकेत दुसराही एक ताप होता, ज्यावर कोयनेल चालत नसे. पीतज्वर, म्हणजे यलो फीव्हर. यात यकृत सुजतं, डोळे पिवळे होतात, काळी उलटी होते. हा विषाणूचा आजार आहे आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डासच तो पसरवतो.

याचा शोध ज्यांनी घेतला त्यांना तो फार महागात पडला. १९२७मध्ये लागोसमध्ये आयरिश संशोधक एड्रियन स्टोक्स प्रयोग करताना याच आजाराने गेले. १९२८च्या मे महिन्यात अक्रामध्ये जपानी संशोधक हिदेयो नोगुची गेले, आणि काही दिवसांतच त्यांचे सहकारी विल्यम यंग.

या कथेत एका माणसाचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. असिबी. घानातला, त्या वेळच्या गोल्ड कोस्टमधला, २८ वर्षांचा तरुण. १९२७मध्ये त्याला सौम्य पीतज्वर झाला होता आणि तो बरा झाला. त्याच्या रक्तातून मिळालेला विषाणू प्रयोगशाळेत वाढवत नेऊन मॅक्स थायलर आणि सहकाऱ्यांनी १९३७मध्ये १७-डी ही लस तयार केली. थायलर यांना १९५१मध्ये नोबेल मिळालं. आज जगात पीतज्वराची जी लस टोचली जाते ती याच वंशातली आहे. म्हणजे तुम्ही लागोसला किंवा अक्राला जाण्याआधी दंडात जी सुई घेता, तिचं मूळ त्या आफ्रिकी तरुणाच्या रक्तात आहे.

भारतीय प्रवाशांसाठी इथे एक महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे एडिस डास भरपूर आहे, पण पीतज्वर नाही. तो आला तर हाहाकार होईल, म्हणून आपलं सरकार याबाबत फार कडक आहे. पीतज्वराच्या देशातून लसीच्या प्रमाणपत्राशिवाय परतलात तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत राहावं लागू शकतं. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. २०१६पासून ते आयुष्यभर चालतं.

पाणी आणि मीठ-साखर

परदेशी मुक्कामातलं सर्वांत सामान्य दुखणं हिवताप नसून जुलाब हे असतं. म्हाताऱ्या माणसाला ते तरुणापेक्षा जास्त लागतं.

याचं एक जुनं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. गॉर्डन हॉल हे अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी एक. १८१३मध्ये ते मुंबईला आले, मराठी शिकले, बायबलच्या मराठी भाषांतराला लागले. १८२६मध्ये ते नाशिककडे गेले तेव्हा तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधं त्यांनी आजाऱ्यांना वाटली. परतीच्या वाटेवर त्यांनाच पटकी झाली आणि एका खेड्यात काही तासांत ते गेले. वय ४१.

पटकीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने. हॉल यांना वाचवू शकणारी गोष्ट म्हणजे स्वच्छ पाणी, मीठ आणि साखर, योग्य प्रमाणात. हे सिद्ध व्हायला पुढे जवळजवळ दीड शतक लागलं. १९७१च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ-साखरेचं पाणी तयार करून नातेवाइकांच्या हाती दिलं. तोवर ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण त्यांच्या छावणीत ३.६ टक्क्यांवर आलं. ही आपली जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस. १९७८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुलाबांच्या नियंत्रणाचा जागतिक कार्यक्रम हाती घेतला. म्हणजे मेबी जोडपं निघालं त्याच वर्षी ही साधी पुडी जगभर जायला लागली होती.

मॉर्मन लोक चहा-कॉफी पीत नाहीत. ऐकायला किरकोळ वाटेल, पण ज्या घरात चहा होतो तिथे निदान तेवढं पाणी तरी उकळलं जातं. चहा नसेल तर पिण्याचं पाणी मुद्दाम वेगळं उकळून ठेवायची शिस्त लावून घ्यावी लागते.

१९७८: नशिबाची वेळ

मेबी आणि कॅनन ज्या काळात गेले तो काळ वैद्यकीयदृष्ट्या बराच अनुकूल होता. देवीचा निसर्गतः झालेला जगातला शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७७मध्ये सोमालियात सापडला होता. देवी हटवण्याची जी युक्ती जगभर वापरली गेली, म्हणजे रुग्ण शोधायचा आणि त्याच्याभोवतीच्या लोकांना लस द्यायची, ती १९६६च्या डिसेंबरात पूर्व नायजेरियात आकाराला आली. ती आखणारे डॉ. विल्यम फेगी त्या वेळी तिथे एका लुथरन मिशनमध्ये डॉक्टर होते. लस अपुरी होती म्हणून हा मार्ग निवडावा लागला. पुढे १९७०च्या दशकात हेच फेगी भारतात देवीच्या मोहिमेवर आले.

हिवतापासाठी त्या काळी पश्चिम आफ्रिकेत जाणाऱ्यांना क्लोरोक्विन सुचवलं जाई. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, स्वस्त आणि बहुतेकांना सोसणारी. पण नेमक्या १९७८च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत क्लोरोक्विनला न जुमानणारा हिवताप आढळायला लागला. १९८०च्या दशकात तो पश्चिम किनाऱ्यावर पोहोचला. म्हणजे ही जोडपी दहा वर्षं उशिरा गेली असती तर त्याच गोळीवर विसंबता आलं नसतं.

यातून तुमच्यासाठी धडा असा: शेजारचे काका पंचवीस वर्षांपूर्वी आफ्रिकेत अमुक गोळी घेऊन राहिले, म्हणून तीच गोळी आज घेऊ नका. हिवतापाची औषधं देशागणिक आणि काळागणिक बदलतात. तुमचं हृदय, मूत्रपिंडं, मनाचे आजार आणि चालू गोळ्या पाहून डॉक्टर निवड करतात.

सत्तरीचं शरीर वेगळं कसं वागतं

इथवर आपण बाहेरचे शत्रू पाहिले. पण लसी आणि गोळ्या आल्यावर चित्र बदललं. आज परदेशी गेलेल्या वयस्कर माणसांच्या मृत्यूंत हृदयविकार पुढे असतो. रस्त्यावरचे अपघातही बरेच असतात. दूरदेशीचे ताप त्या मानाने मागे पडले आहेत. म्हणजे धोका आता बराचसा आपण घरून सोबतच नेतो.

वयानुसार काही गोष्टी हळूहळू बदलतात. तहान कमी लागते. मूत्रपिंडांची पाणी धरून ठेवायची ताकद कमी होते. घाम कमी येतो, त्यामुळे उष्मा सहन होत नाही. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर दमट उन्हात दोन जुलाबांनीही माणूस चक्कर येऊन पडू शकतो. म्हणून "तहान लागली की पितो" हा नियम साठीनंतर पुरेसा नाही. घड्याळ लावून पाणी प्यावं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाण्यावर मर्यादा असेल, तर किती प्यायचं ते निघण्याआधी विचारून घ्यावं.

लसीच्या बाबतीतही वय मोजावं लागतं. पीतज्वराची लस जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूची असते. फार क्वचित हा विषाणू शरीरात वाढतो आणि यकृत, मूत्रपिंडं अशा अवयवांवर परिणाम करतो. हा दुष्परिणाम २००१मध्ये प्रथम नीट ओळखला गेला. पहिल्यांदाच लस घेणाऱ्या साठीपुढच्या लोकांत त्याचा धोका जास्त असतो. मेबी गेले तेव्हा हे कुणाला माहीत नव्हतं. आज आम्ही साठीपुढच्या माणसाला विचारतो: नक्की कुठे जाताय? तिथे खरोखर पीतज्वर आहे का? रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत का? थायमस ग्रंथीचा आजार आहे का? अंड्याची तीव्र ॲलर्जी आहे का? मगच निर्णय होतो. ज्या गावी धोका मोठा तिथे लस घेणंच शहाणपणाचं. धोका नगण्य असेल तर वेगळा विचार करता येतो.

तिसरी गोष्ट तापाची. तरुणाला संसर्ग झाला की फणफणून ताप येतो. म्हाताऱ्या माणसात तो कधी कधी जेमतेम चढतो. त्याऐवजी माणूस गोंधळतो, भलतंच बोलतो, जेवत नाही, तोल जातो. याला "वयामुळे होतंय" किंवा "नवीन जागा आहे म्हणून" असं समजून सोडून देऊ नका.

दोघं सोबत असण्याचं मोल

मिशनऱ्यांना जोडीने पाठवण्यामागे धार्मिक कारण आहे. तरुण मिशनरीही दोघादोघांनीच फिरतात. पण डॉक्टर म्हणून मला त्यात आरोग्याचीही सोय दिसते. आपण गोंधळलोय हे गोंधळलेल्या माणसाला कळत नाही. ते ओळखायला माणसाच्या नेहमीच्या सवयी माहीत असणारं कुणीतरी जवळ लागतं. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाइतकं हे दुसऱ्या कुणाला जमणार?

शिवाय परदेशी मुक्काम मोडण्याचं एक कारण एकटेपणा असतं. भाषा कळत नाही, गप्पा मारायला कुणी नाही, वाण्याच्या दुकानापर्यंतही जाता येत नाही. मुलांकडे अमेरिकेत गेलेल्या आई-वडिलांमध्ये हे मी वारंवार पाहतो. नोकरीवर गेलेली मुलं-सुना संध्याकाळी येईपर्यंत दिवस खायला उठतो. मेबी जोडप्याचा दिवस कामाने भरलेला होता आणि त्यांची वाट पाहणारी माणसं तिथे होती. परक्या देशात रुळायला दिवसाला काहीतरी आकार असणं आणि कुणाला तरी आपली गरज असणं, या दोन गोष्टी फार मदत करतात. तुम्ही मुलाकडे जात असाल तर नातवाला शाळेतून आणणं, मंदिरात किंवा वाचनालयात ठरलेल्या दिवशी जाणं, असं काहीतरी आधीच ठरवून जा.

या इतिहासाची दुसरी बाजू

हा सगळा इतिहास फक्त यशाचा म्हणून सांगणं बरोबर होणार नाही. कोयनेलने मिशनऱ्यांचे जीव वाचवले, पण त्याच कोयनेलच्या जोरावर युरोपीय फौजा आफ्रिकेत आत शिरल्या. गोऱ्या माणसाच्या कबरस्तानाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. त्याच हिवतापाने तिथली बालकं पिढ्यान्‌पिढ्या मरत होती, त्यांच्याबद्दल फार कमी. आजही हिवतापाचे सर्वाधिक बळी नायजेरियात जातात आणि त्यांतले बहुतेक पाच वर्षांखालचे असतात. पाहुण्याला प्रतिबंधक गोळी मिळते, कारण तो वर्षभरासाठी आलेला असतो. यजमानाच्या मुलाला आयुष्यभर गोळी देता येत नाही.

म्हणून अलीकडची एक बातमी मला महत्त्वाची वाटते. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी हिवतापाची आर-२१ ही लस २०२३मध्ये आली. तिला सर्वांत आधी मान्यता देणारा देश घाना, आणि लगेच पुढचा नायजेरिया. म्हणजे डनवेल जिथे गेले आणि मेबी जिथे राहिले, त्याच दोन देशांतल्या बाळांसाठी आता पुण्यात लस बनते. ही लस प्रवाशांसाठी नाही, हेही लक्षात ठेवा. तुम्हाला गोळी आणि मच्छरदाणी यांवरच भागवायचं आहे.

तुम्ही निघणार असाल तर

निघण्याआधी सहा ते आठ आठवडे डॉक्टरांना भेटा. काही लसींच्या दोन मात्रांत अंतर ठेवावं लागतं, आणि नवी गोळी सोसते की नाही हे घरी असतानाच कळलेलं बरं. दातांची तपासणी विसरू नका. परदेशात दाढ दुखणं खिशालाही फार दुखतं.

चालू औषधं पूर्ण मुदतीची घ्या आणि त्यांतली काही हातातल्या बॅगेत ठेवा. चिठ्ठीवर औषधाचं कंपनीचं नाव असून उपयोग नाही, मूळ औषधाचं नाव लिहून घ्या. इन्सुलिन घेत असाल तर वेळेच्या फरकाप्रमाणे डोस कसा हलवायचा ते लिहून मागा. लांबच्या विमानप्रवासात दर तास-दोन तासांनी उठून चाला, म्हणजे पायातल्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका कमी होतो.

विमा नीट वाचा. आपला नेहमीचा मेडिक्लेम बहुधा देशाबाहेर चालत नाही. अमेरिकेतल्या ज्येष्ठांची सरकारी मेडिकेअर योजनाही अमेरिकेबाहेर सहसा लागू होत नाही. आधीपासून असलेल्या आजारांना विमा लागू आहे का, हे वाक्य शोधून वाचा.

तिथे पोहोचल्यावर मच्छरदाणी, उकळलेलं पाणी, जलसंजीवनीच्या पुड्या आणि गाडीत बसल्यावर सीटबेल्ट. रात्रीचा रस्त्यावरचा प्रवास शक्यतो टाळा.

परत आल्यावर वर्षभरात केव्हाही ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: "मी अमुक देशात जाऊन आलो आहे." आपल्याकडे ताप म्हटला की डेंग्यू, टायफॉइड, विषाणूजन्य ताप अशी यादी डोक्यात येते. आफ्रिकेतला फॅल्सिपेरम हिवताप एक-दोन दिवसांत गंभीर होऊ शकतो. त्या एका वाक्याने रक्ताची योग्य तपासणी त्याच दिवशी होते.